गेरसोप्पाचा कोळसा

१६ फेब्रुवारी १९४१ च्या रात्री आयर्लंडच्या नैर्ऋत्येला सुमारे ३०० मैलांवर ‘गेरसोप्पा’ नावाची मालवाहू आगबोट जर्मन पाणबुडीने बुडवली. बोटीवर चांदी होती, म्हणून तिची गोष्ट आजवर चांदीची गोष्ट म्हणूनच सांगितली गेली. २०१२ आणि २०१३ मध्ये ४,७०० मीटर खोलीवरून ती चांदी वर काढली, तेव्हा तर वर्तमानपत्रांना दुसरं काही दिसेना. पण हे प्रकरण नीट समजून घ्यायचं तर चांदी बाजूला ठेवून बोटीच्या बंकरमध्ये, म्हणजे कोळशाच्या कोठीत, उतरावं लागतं. तिने बरोबरच्या बोटींचा ताफा सोडला तो कोळसा पुरेना म्हणून, वेग पाच नॉटवर, म्हणजे ताशी पाच सागरी मैलांवर, आणला तोही कोळसा वाचवायला. टॉर्पेडो लागायच्या आधी दोन-तीन दिवस हिशेब हाताबाहेर गेलेला होता.

बोट आणि तिचा धंदा

पहिल्या महायुद्धात बुडालेल्या जहाजांची भरपाई करायला ब्रिटिश सरकारने ठरावीक नमुन्याच्या मालबोटी घाऊक भावात बांधायला काढल्या होत्या. सगळ्यांची नावं ‘वॉर’ने सुरू होणारी. ईशान्य इंग्लंडमध्ये टाइन नदीकाठी जॅरो इथे पामर्स कंपनीच्या गोदीत तयार होणारी ही बोट ‘वॉर रोबक’ व्हायची होती. १९१९ मध्ये ती पाण्यात उतरली तोवर युद्ध संपलं होतं. ब्रिटिश इंडिया स्टीम नॅव्हिगेशन कंपनीने, म्हणजे आपल्याकडच्या बंदरांत नुसतं ‘बी. आय.’ म्हणत त्या कंपनीने, ती घेतली. हिंदुस्थानातल्या गावांची नावं बोटींना द्यायची या कंपनीची रीत होती. हिच्या वाट्याला शरावतीकाठचं गेरसोप्पे आलं. मराठी माणूस ते गिरसप्प्याच्या धबधब्यामुळे ओळखतो, आणि तेव्हा तो उत्तर कानडा जिल्हा मुंबई इलाख्यातच होता.

नोंदणी ५,२३७ टनांची, लांबी ४०० फुटांच्या आसपास, एकच पंखा, तीन सिलिंडरचं ट्रिपल एक्स्पान्शन इंजिन. बॉयलरमधली वाफ आधी लहान सिलिंडरमध्ये, तिथून मधल्यात, मग मोठ्यात, असं एकाच वाफेकडून तीनदा काम करून घ्यायचं आणि शेवटी कंडेन्सरमध्ये तिचं पाणी करून परत बॉयलरला द्यायचं. विसाव्या शतकाच्या पहिल्या अर्ध्यात जगातला बहुतेक जड माल याच यंत्रावर हलला. साधं, दणकट, दुरुस्तीला सोपं. वेग मात्र बेताचा. या नमुन्याची बोट नवी असताना शांत समुद्रात दहा-अकरा नॉट काढी.

वीस वर्षं गेरसोप्पा हिंदुस्थान, अतिपूर्व, ऑस्ट्रेलिया आणि पूर्व आफ्रिका अशा फेऱ्या करत राहिली. या फेऱ्यांचं गणित ध्यानात घेतल्याशिवाय १९४१ ची अडचण कळत नाही. कोळशाच्या बोटीची पोच तिच्या इंजिनावर ठरत नसे, वाटेतल्या बंदरांवर ठरे. कोलंबो, एडन, सिंगापूर, डर्बन, जिथे जाल तिथे कोळशाचे ढीग तयार असायचे. बंकरमध्ये भरलेला प्रत्येक जादा टन म्हणजे मालाचा एक टन कमी आणि त्याचं भाडं बुडालं. म्हणून पुढच्या बंदरापर्यंत पुरेल इतका आणि वर काही दिवसांचा राखीव, एवढाच कोळसा घ्यायचा, हा सगळ्याच मालक कंपन्यांचा शिरस्ता. शांततेच्या काळात तो शहाणपणाचाच होता. उशीर झालाच तर वाट वाकडी करून जवळचं बंदर गाठता येई.

आगवाले

बोटीवर ८० हून जास्त माणसं होती. एवढ्याच आकाराच्या, गोऱ्या खलाशांच्या ब्रिटिश मालबोटीवर साधारण चाळीस असत. हा फरक मजुरीतून आलेला. हिंदी खलाशी वेगळ्या करारावर भरती होत, त्यांना गोऱ्यांच्या पगाराचा चौथा-पाचवा हिस्सा मिळे, आणि राहण्याच्या जागेचा कायदाही त्यांच्यासाठी निराळा होता. स्वस्तात माणसं मिळतात तर जास्त घ्या, असा तो व्यवहार. १९३९ मध्ये युद्ध सुरू होताच ब्रिटिश बंदरांत हिंदी खलाशांनी संप केले आणि पगारवाढ व युद्धभत्ता पदरात पाडून घेतला, तरी अंतर फारसं मिटलं नाही.

भरती बंदरानुसार ठरलेली असे. मुंबईतून निघणाऱ्या बोटींच्या डेकवर रत्नागिरीकडचे खलाशी, सलूनमध्ये, म्हणजे अधिकाऱ्यांच्या जेवणदालनात, गोव्याचे बटलर आणि स्वयंपाकी. कलकत्त्याच्या बोटींवर खाली इंजिनात बहुतेक सिल्हट, नोआखाली, चितगावकडची माणसं. उतरंड मात्र दोन्हीकडे सारखीच: वर सारंग म्हणजे मुकादम, मग त्याच्या हाताखालचा तांडेल, कोठी सांभाळणारा कासब, तेलवाले, बॉयलरपुढे आगवाले आणि बंकरमध्ये कोलवाले. कोकणातल्या कितीतरी घरांत ‘आजा बोटीवर आगवाला होता’ एवढं एकच वाक्य उरलेलं असतं. तो काय करत होता ते मात्र कुणी सांगत नाही.

पाळी चार तासांची, मग आठ तास सुटी, मग पुन्हा चार तास. भट्टीचं दार उघडायचं, सहा-सात फूट खोल जाळीवर कोळसा पातळ आणि सारखा पसरेल असा फावड्याने फेकायचा आणि दार पटकन लावायचं; उघडं राहिलं तर थंड हवा शिरून वाफ उतरते. कोळशातली राख वितळून जाळीला चिकटते, तिचा लोखंडासारखा कडक थर होतो. हाच क्लिंकर. त्याच्या खालून लांब सळई घालून तो फोडायचा आणि लालभडक तुकडे बाहेर ओढायचे. कोलवाल्याने त्यावर समुद्राचं पाणी मारलं की गंधकाच्या वासाची वाफ नाकातोंडात. अशी एक तरी भट्टी दर पाळीला साफ करावीच लागे. ती साफ होईपर्यंत त्या बॉयलरचा दाब खाली येणार, म्हणजे बाकीच्या भट्ट्यांवर जास्त ओढ.

कोलवाल्याचं काम प्रवास लांबेल तसं वाढतं, ही गोष्ट सहसा लक्षात येत नाही. पहिल्या दिवशी कोळसा भट्टीच्या तोंडाशी असतो आणि दारातून आपसूक घसरून येतो. पंधराव्या दिवशी तो बंकरच्या पार टोकाला, अंधारात, बोटीच्या कडेच्या वळणात साचलेला असतो. तिथून हातगाडीने ओढून आणायचा, तोही बोट डावी-उजवी होत असताना. कोळसा संपत आला की माणसंही संपत येतात.

मोजता न येणारं इंधन

तेलाच्या टाकीत मापपट्टी सोडली की तेल किती ते कळतं. कोळशाला ती सोय नाही. तो ढिगाने पडलेला, मध्ये पोकळ्या, वरून उतार. एक टन कोळसा ४२ ते ४५ घनफूट जागा घेतो, तोही जातीप्रमाणे आणि तुकड्याप्रमाणे कमीजास्त. चीफ इंजिनिअर बंकरचा आकार, ढिगाची उंची आणि रोजच्या खर्चाची वही यांचा मेळ घालून अंदाज सांगायचा. बंदरात भरताना टोपल्या मोजल्या जात, त्या मोजणीवर किती विश्वास ठेवायचा हे ज्याचं त्याने ठरवायचं. म्हणून मुरलेले चीफ दुपारच्या अहवालात थोडा कोळसा कमीच दाखवत, हातचे राखून. कप्तानालाही ते ठाऊक असे आणि तो मनातल्या मनात तेवढे टन मिळवून घेई. चांगल्या दिवसांत ही लपाछपी गमतीची.

शिवाय कोळसा कोळशासारखा नसतो. वेल्समधला स्टीम कोल जगात पहिल्या नंबरचा. राणीगंज-झरियाच्या कोळशात राख कितीतरी जास्त, म्हणजे तेवढ्याच वाफेला जास्त टन, जास्त क्लिंकर, जास्त घाम. कागदावर दोन्ही ‘एक टन’च.

शेवटची फेरी

डिसेंबर १९४० मध्ये गेरसोप्पाने कलकत्ता सोडलं. पोटात २,६०० टन बिडाचे ठोकळे, १,७६५ टन चहा, २,३६९ टन इतर माल, आणि सहा लाख पौंडांची चांदी. दहा नॉटच्या बोटीत इतकी चांदी का, असं आज वाटतं. पण वेगवान बोटी सैन्य नेण्यात गुंतल्या होत्या आणि धोका अनेक बोटींत वाटून टाकणं हाच त्या काळचा विमा. बीड जड आणि थोड्या जागेत मावणारं, म्हणून तळाला; चहा हलका आणि जागा खाणारा. वजन तळाशी फार साचलं की बोट ताठ होते, लाटेवर सावकाश न डुलता झटके देत सरळ होते. अशा बोटीत फावडं मारणाऱ्याचे हाल काय होतात याचा अंदाज करावा.

जून १९४० मध्ये इटली युद्धात उतरल्यावर भूमध्य समुद्राची वाट व्यापारी बोटींना बंद झाली होती. सुएझमार्गे साधारण ८,००० मैलांचा कलकत्ता-लंडन प्रवास केप ऑफ गुड होपला वळसा घालून साडेअकरा हजारांच्या पुढे जाई. पश्चिम आफ्रिकेत सिएरा लिओनचं फ्रीटाउन हे ताफे बांधण्याचं ठिकाण. तिथून ३० जानेवारी १९४१ ला गेरसोप्पा एस.एल. ६४ या ताफ्याबरोबर निघाली. फ्रीटाउन सोडल्यावर ब्रिटनपर्यंत कोळसा घ्यायला कुठेही थांबणं नाही.

ताफ्याचा वेग आठ नॉट. कमी वेगात कोळसा वाचतो हे खरं, पण तो संथ, एकसारख्या चालीत. ताफ्यात प्रत्येक बोटीला आपली जागा धरायची असते: पुढची जवळ आली की फेरे कमी करा, मागे पडलो की वाढवा, इशारा आला की नागमोडी वळा. बॉयलरची आग तोटीसारखी वर-खाली होत नाही. वाफ जास्त झाली तर ती फुकट जाते आणि कमी झाली तर आगवाल्यांना फावडी मारून ती पुन्हा चढवावी लागते. त्यात धूर काढायला बंदी, कारण धूर पंधरा-वीस मैलांवरून दिसतो. म्हणजे कोळसा थोडा थोडा, वारंवार टाकायचा. राख फेकायची ती रात्रीच.

आणि मग हवा फिरली. उत्तर अटलांटिकात फेब्रुवारीचं वादळ समोरून आलं की बोटीचा वेग आणि कोळशाचा खर्च यांचा संबंध तुटतो. इंजिन पूर्ण जोराने चालतं आणि बोट जागच्या जागी धापा टाकते. मागचा भाग लाटेवर उचलला गेला की पंखा पाण्याबाहेर येऊन मोकाट फिरतो, म्हणून इंजिनिअरला वाफेच्या चाकावर हात ठेवून दर लाटेला वाफ तोडावी आणि सोडावी लागते. या आकाराच्या बोटीला दिवसाला तीसेक टन कोळसा लागायचा. चांगल्या हवेत तेवढ्यात दोनशे-सव्वादोनशे मैल होत. वादळात त्याच कोळशात निम्मे झाले तरी नशीब.

दोन आठवड्यांनी कप्तान जेराल्ड हायलंडपुढे हिशेब आला: ताफ्याच्या चालीने ब्रिटनपर्यंत कोळसा पुरणार नाही.

काय करता आलं असतं

पहिला मार्ग ताफ्याबरोबरच राहायचा. कोळसा संपेल तिथे बोट थांबणार, तीही लाटांना आडवी. वाफ नाही म्हणजे सुकाणूचं यंत्र नाही, पंप नाही, दिवा नाही. ताफा कुणासाठी थांबत नसे. एकासाठी सगळ्यांना धोक्यात घालायचं नाही हा नियमच होता. दुसरा मार्ग दुसऱ्या बोटीने ओढून नेण्याचा. त्या समुद्रात तो कागदावरच. तिसरा मार्ग जुन्या खलाशांच्या गप्पांतून येतो, लाकूड जाळा. मालाखालच्या फळ्या, पार्टिशनं, होल्डमधली, म्हणजे मालाच्या कोठीतली, चहाची खोकी. याने काही तास मिळतात, दिवस नाही. आणि वादळात होल्डचे फाळके, म्हणजे वरची झाकणं, उघडणं म्हणजे बोट बुडवायचा आणखी एक रस्ता.

उरला चौथा: ताफा सोडायचा, वेग उतरवायचा आणि जवळचं बंदर गाठायचं. जवळचं म्हणजे आयर्लंडच्या पश्चिम किनाऱ्यावरचं गॉलवे. इथे यंत्रशास्त्र कप्तानाच्या बाजूने होतं. लागणारी शक्ती ढोबळ मानाने वेगाच्या घनाच्या प्रमाणात वाढते. दहावरून पाच नॉटवर आलं की शक्ती आठव्या हिश्शावर येते. पंप, सुकाणू, दिवे यांना लागणारी वाफ कमी होत नाही, म्हणून प्रत्यक्षात बचत तेवढी पडत नाही, तरी दर मैलामागचा कोळसा बराच उतरतो. हायलंडने हेच केलं.

पण पाणबुडीच्या बाजूने बघितलं तर हा आकडा भयंकर आहे. ‘यू-१०१’सारखी पाणबुडी पाण्यावर सतरा नॉटने पळे. एरवी पाण्याखाली ती इतकी मंद की दहा नॉटच्या बोटीचा पाठलाग तिला बुडी मारून जमत नसे. पाच नॉटच्या बोटीचा जमे. म्हणजे कोळसा वाचवणारा वेगच मारेकऱ्याची सोय करत होता, आणि हे कप्तानाला माहीत नव्हतं असं मानायचं कारण नाही. त्याने दोन वाईटांपैकी ज्यात बंदर दिसण्याची शक्यता होती ते निवडलं. नंतर काय झालं यावरून निर्णयाची किंमत ठरवणाऱ्यांनी त्याला एकटं पडल्याचा दोष दिला आहे. मला तो पटत नाही. त्या जागी, त्या बंकरसह, मीही गॉलवेच म्हटलं असतं.

दोष शोधायचा तर तो फ्रीटाउनला शोधावा. बंदरामागे बंदर या शांततेच्या सवयीवर बांधलेली एकवीस वर्षांची बोट अटलांटिकच्या हिवाळ्यात, मध्ये एकही थांबा नसलेल्या प्रवासाला निघाली, आणि तिच्या बंकरमध्ये वादळाचे दिवस भरलेले नव्हते. तिथून पुढे कुणीही काहीही केलं असतं तरी कोळसा वाढणार नव्हता. माल थोडा कमी घेऊन कोळसा जास्त भरला असता तर? पण त्या हिवाळ्यात ब्रिटनला बीड आणि चहा हवा होता, आणि ‘थोडा कमी माल’ म्हणणाऱ्या कप्तानाचं कोण ऐकणार.

१६ तारखेला सकाळी एक जर्मन टेहळणी विमान बोटीवर घिरट्या घालून गेलं. रात्री ‘यू-१०१’ने, कमांडर अर्न्स्ट मेंगरसन, टॉर्पेडो सोडला. तो उजव्या बाजूला दोन नंबरच्या होल्डपाशी लागला. पुढची डोलकाठी कोसळली, तिच्याबरोबर बिनतारी यंत्राची तार तुटली, त्यामुळे मदतीची हाकही गेली नाही. सुमारे वीस मिनिटांत बोट गेली. पाच नॉटने आयर्लंडचा किनारा आणखी साठ तासांवर होता.

होड्या सुटल्या, त्यांतली सेकंड ऑफिसर रिचर्ड एअर्सची तेवढी पुढे किनाऱ्याला लागली. तीत युरोपीय आणि हिंदी मिळून तीसेक माणसं होती. बॉयलरखोलीतला माणूस अंगावर एका बनियनानिशी काम करतो. तिथून थेट फेब्रुवारीच्या अटलांटिकात. थंडीने आणि पाण्यावाचून एकेक जण गेला. तेरा दिवसांनी, १ मार्चला, इंग्लंडच्या दक्षिण टोकाला लिझर्डजवळ फुटणाऱ्या लाटांत होडी उलटली, तेव्हा उरलेल्या मोजक्या जणांपैकी एअर्स एकटा जिवंत बाहेर निघाला. बाकी सुमारे ८५ जण गेले.

वर काय आलं

२०११ मध्ये अमेरिकन ओडिसी मरीन कंपनीला गेरसोप्पा सापडली, तळाशी सरळ बसलेली. ब्रिटिश सरकारशी झालेल्या करारात खर्च वजा जाता चांदीच्या किमतीचे ८० टक्के कंपनीचे होते. दोन हंगामांत मिळून शंभर टनांहून जास्त चांदी निघाली. काहीची रॉयल मिंटने नाणी पाडली. चांदीपेक्षा मला नवल वाटतं टपालाचं. सातशेहून जास्त पत्रं, उजेड आणि प्राणवायू न पोचलेल्या कोपऱ्यात घट्ट दाबलेली, वाचता येण्याजोगी निघाली. १९४० च्या नाताळाच्या सुमाराला हिंदुस्थानातून घरी लिहिलेली ती पत्रं २०१८ मध्ये लंडनच्या पोस्टल म्युझियममध्ये मांडली होती. त्यात आगवाल्यांची पत्रं असायचं कारणच नव्हतं. टपाल ब्रिटनला चाललं होतं. त्यांची घरं उलट्या दिशेला.

समुद्रात गेलेल्या ब्रिटिश व्यापारी खलाशांची नावं लंडनला टॉवर हिल स्मारकावर कोरलेली आहेत. अविभाजित हिंदुस्थानच्या, थडगं नसलेल्या सुमारे ६,००० व्यापारी खलाशांची नावं दगडावर नाहीत, नोंदवहीत आहेत. एक प्रत चितगावला आणि एक मुंबईत, मस्जिद बंदरच्या इंडियन सेलर्स होममध्ये. त्याच नोंदी कॉमनवेल्थ वॉर ग्रेव्ह्ज कमिशनच्या संकेतस्थळावरही शोधता येतात. हुद्दा, बोटीचं नाव, मृत्यूची तारीख, आणि पुष्कळदा बापाचं नाव व गाव. रत्नागिरी-रायगडकडचं एखादं घर बोटीवरून न परतलेल्या आज्याचा माग काढत असेल, तर नुसत्या माणसाच्या नावाने शोधू नये. इंग्रज कारकुनांनी स्पेलिंगची पार वाट लावलेली आहे. बोटीचं नाव ठाऊक असेल तर त्याने सुरुवात करावी, मग तारीख, मग गाव.